लखाईची तपेली

एका राज्यात त्या दिवशी आभाळ पार खाली उतरलं होतं. पाऊस नव्हता, वारा नव्हता, ऊन तर नव्हतंच. घराघरांतून चुलीचा धूर निघे, पण वर जाईना. ज्याच्या त्याच्या छपरावर बसून राही. शेजारच्या धुरात मिसळण्याचंही त्याच्यात बळ उरलं नव्हतं.

त्या राज्याला शाप होता. एकाने रांधलेलं दुसऱ्याला दिलं, की त्याची राख होई. आईने भाकरी भाजावी, लेकीच्या हातावर ठेवावी आणि लेकीने मुठीतली राख झाडावी. ज्याने त्याने आपापलं रांधावं आणि दार लावून आपापलं खावं. ज्याचे हात चालत, त्याचं पोट भरे. ज्याचे चालत नसत, तो झाडाच्या फळांवर आणि पाण्यावर निघतील तितके दिवस काढी. असे पुष्कळजण गेले.

राणी रेवावतीचे हात चालेनासे झाले होते. ताप उतरला, जाताना हातांचं बळ घेऊन गेला. राजा भानुजित तिच्या उशाशी बसून डाळिंबाचे दाणे भरवी. आता दाणेही गिळवत नव्हते. तिच्या बांगड्या मनगटातून कोपरापर्यंत सरकत.

"महाराज," वैद्य म्हणाला, "चुलीवरचा घास पोटात गेला तर राणीसरकार उठतील. नाहीतर..."

राणी हळूच म्हणाली, "अहो, धोंडस खावंसं वाटतं. लखाईने पाठवलं होतं ना, तसं."

राजाने मान खाली घातली.

लखाई म्हणजे कोटाच्या भिंतीला लागून झोपडीत राहणारी म्हातारी. चेटूक जाणे, पण आपणहून कुणाच्या वाटेला जात नसे. पिकलेलं तवसं, म्हणजे मोठी जून काकडी, किसावं, त्यात भाजलेला तांदळाचा रवा, गूळ, ओलं खोबरं घालावं, वर-खाली निखारे ठेवून सावकाश भाजावं, असं तिचं धोंडस. एकदा तिने तपेलीभर राजवाड्यात धाडलं. राजाराणीने बोटं चाटून खाल्लं. मग राजाने तपेली घासूनपुसून लखलखीत करवली आणि परत पाठवली. रिकामी.

त्या मुलखात कुणी कुणाचं भांडं रिकामं परत देत नसे. घरात केलेलं काही घालावं, नाहीतर चिमूटभर साखर घालावी. राजाला वाटलं, आपण खाल्लं हेच म्हातारीला पुष्कळ झालं. लखाईने तपेलीत हात घातला, तळापर्यंत चाचपून पाहिलं.

"एवढ्या मोठ्या घरात माझ्या भांड्यात टाकायला काही मिळालं नाही?" ती म्हणाली. "मग या राज्यात कुणाचं कुणाला लागायचं नाही."

तपेली तिने राजवाड्याच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवली आणि आपलं दार लावून घेतलं. तपेली हत्तीने ओढली, हलली नाही. राजाने लखाईच्या दाराशी रत्नांच्या पेट्या ठेवल्या, दार उघडलं नाही.

आता राणीच्या उशाशी बसलेला राजा उठून डोळे पुसत उंबऱ्याशी आला, तो तपेलीच्या काठावर एक साळुंकी बसलेली.

"राजा, रडून झालं का?" साळुंकी म्हणाली.

"झालं. काय करू ते सांग."

"तीन कामं कर. नदीपलीकडच्या मांत्रिकाच्या मळ्यातलं तवसं खुडून आण. ज्यावर बसून लोकांकडे खाली पाहिलंस, त्या लाकडाचे निखारे कर. आणि आपल्या हातांनी धोंडस करून ही तपेली भर नि जिची तिला पोचती कर. भरली की हलेल."

"पण दिलेल्याची राख होते."

"होते," साळुंकी म्हणाली आणि उडून गेली.

राजा नदी ओलांडून मळ्यात गेला. मांत्रिक कधीच मेला होता. सगळ्या विद्या येत होत्या बिचाऱ्याला, पण खाटेवर पडला आणि कुणाला घास देता येईना. त्याची वेल मात्र मळा राखून होती. तिला एकच तवसं लागलं होतं. राजाने हात घातला, तशी तिने मनगटाला वेढा दिला.

"कोण?" वेलीने विचारलं.

"या राज्याचा राजा."

वेढा आवळला. "कोण?"

"रेवावतीचा नवरा."

वेढा थोडा सैल झाला, पण सुटला नाही. "कोण?"

राजाच्या डोळ्यांत पाणी आलं. "लखाईचा शेजारी."

वेलीने तवसं त्याच्या हातात सोडलं आणि ती तिथल्या तिथे वाळून गेली.

मग राजाने दरबारात येऊन कुऱ्हाड घेतली आणि तो चंदनाचं सिंहासन फोडायला लागला. प्रधान धावत आला.

"महाराज, अहो, उद्यापासून बसणार कशावर?"

"चुलीपुढे पाट आहे," राजा म्हणाला.

राणीची खाट मुदपाकखान्यात आणवली. राजा तवसं किसायला बसला. राणी कुशीवर वळून बघत होती.

"तवसं किसताय की बोटं?" तिने विचारलं.

"दोन्ही," राजा म्हणाला. बऱ्याच दिवसांनी ती हसली. हसण्यानेही तिला धाप लागली.

त्याने निम्मं मिश्रण भाजलं, ते खालून करपलं. राहिलेल्यातलं निम्मं भाजलं, ते आत कच्चंच राहिलं. उरलं ते शेवटचं.

"वर निखारे जास्त, खाली कमी," राणी म्हणाली. "आणि सारखं झाकण उघडून बघू नका. बसा स्वस्थ."

राजा स्वस्थ बसला. तसं बसणं त्याला ठाऊक नव्हतं. हळूहळू गुळाचा वास सुटला, मग खोबऱ्याचा, मग चंदनाच्या धुराचा.

"कडा सुटल्या?"

"सुटल्या."

"वर लाली आली?"

"आली. गव्हाळ, तुझ्या रंगाची."

राजाचा हात नकळत तुकडा मोडायला गेला. राणीने मान हलवली. "नको. माझ्या ओठांवर राख बघितलीत तर तुम्ही इथेच बसून राहाल. वास आला, तेवढा पुरे. जाऊन या."

त्याने धोंडस नेऊन लखाईच्या तपेलीत उलटं केलं. हत्तीला न हललेली तपेली त्याच्या हातात अलगद आली. ऊन ऊन तपेली छातीशी धरून तो कोटाच्या कडेने निघाला. झोपडी दिसली. अंगणात पाऊल पडलं आणि तपेली हलकी झाली. वास गेला, ऊब गेली.

आत राख होती.

राजा अंगणात मटकन बसला. वेल वाळली होती, दुसरं तवसं नव्हतं. सिंहासन जळलं होतं. राणी संध्याकाळ बघेल की नाही, याचा भरवसा नव्हता. रिकामी तपेली धाडताना त्याला लाज वाटली नव्हती. आता भरलेली घेऊन उठवेना. तरी तो उठला. दारावर थाप मारली.

"कोण?"

"शेजारी आहे, आई. तुझं भांडं आणलंय."

दार उघडलं. म्हातारीने तपेलीकडे पाहिलं. "काय घातलंस यात?"

"राख. धोंडस केलं होतं, मीच केलं. तुझ्या अंगणात राख झाली. घरात दुसरं काही नाही. पण रिकामं भांडं आणवेना."

लखाईने त्याची बोटं पाहिली. किसणीवर सोललेली, निखाऱ्यांनी पोळलेली. मग पूर्वीसारखाच तपेलीत हात घातला, चिमूट उचलली आणि तोंडात टाकली. राजा बघत राहिला. म्हातारी सावकाश चावत होती. राख कुणी चावतं का? ती चावत होती.

तपेलीतून वाफ आली.

लखाईने अर्धं धोंडस हळदीच्या पानावर काढून राजाच्या ओंजळीत ठेवलं. राजा पानाकडे बघत उभा राहिला. राख होईना.

"बघतोस काय? पळ!" ती म्हणाली.

राजा अनवाणी पळाला. राणीच्या तोंडात पहिला घास गेला, तो तिने कितीतरी वेळ तोंडातच धरला. मग दुसरा मागितला.

बाहेर धूर छपरांवरून उठला आणि एकात एक मिसळून आभाळाला लागला. दारं उघडली. माणसं ताटल्या झाकून या घरातून त्या घरात जाऊ लागली. काहीजणी ताटली घेऊन निघाल्या आणि मध्येच थांबल्या. जिला द्यायचं ती उरली नव्हती. गेले ते परत आले नाहीत. शाप सुटला, म्हणून तेवढं काही भरून येत नाही.

दिवस कलता कलता लखाई राजवाड्यात आली. राणी उशीला टेकून बसली होती. लखाईने तिच्या कपाळावरून हात फिरवला, राजाच्या शेजारी पाट ओढला आणि बसता बसता म्हणाली, "गूळ कमी पडला हो, शेजाऱ्या. पुढच्या खेपेला हात जरा सैल सोड."