रहाटाच्या आसातला खिळा

एका राज्यात नदी होती, पण पाणी नव्हते. नदी खोल दरीत, राजधानी उंच कड्यावर. बायका पहाटे हंडे घेऊन उतरत, त्या दुपार कलताना वर येत. कोणाचा पाय घसरे, कोणाची कंबर कायमची वाके. पिढ्यान्‌पिढ्या हेच चालले होते.

राजाचे नाव धारासेन. त्याच्या पदरी मंडन नावाचा यंत्रकार होता. त्याने घडवलेला लाकडी कोंबडा प्रहरा-प्रहराला आरवे, त्याने केलेले जाते ओवी ऐकली की आपोआप फिरे. तिथल्या कारागिरांचा एक दंडक होता. नवे यंत्र आधी करणाऱ्याच्या घरी पावसाळाभर चालवायचे. त्याच्या घरच्यांनी ते वापरायचे, मगच ते लोकांत जायचे. हा दंडक कोणी घातला ते कोणाला आठवत नव्हते, आणि तो कधी मोडल्याचेही कोणाला आठवत नव्हते.

राजा म्हणाला, "मंडना, पाणी वर आण. दसऱ्याला माझ्या अंगणात कारंजे उडाले पाहिजे."

तहान बायकांची, आणि राजाला हवे कारंजे! पण मंडनालाही त्यात काही वावगे वाटले नाही.

त्याने कड्यावर रहाट उभा केला. गाडग्यांची लांबच लांब माळ दरीत सोडली. माळ निम्म्यावर आली आणि स्वतःच्याच भाराने तुटली. त्याने दोर बदलला, गाडगी लहान केली, लाकूड बदलले. माळ पुन्हा तिथेच तुटली. दसरा तोंडावर आला, तेव्हा मंडनाचा धीर सुटला आणि तो कालजंघ मांत्रिकाच्या गुहेत गेला.

कालजंघाने शापित खजिन्यातून तांब्याचा एक खिळा काढला. "हा आसात ठोक. बैल लागणार नाहीत. माळ तुटणार नाही."

"हा टिकेल किती?" मंडनाने विचारले. रहाट कोणाच्या बळावर फिरेल, हे त्याने विचारले नाही.

मग तो दरबारात गेला. "महाराज, दंडकाप्रमाणे पावसाळाभर थांबावे लागेल."

"राज्य तहानलेले असताना तुझ्या घरी कसली कसोटी?"

मंडनाने मान खाली घातली. खरे सांगायचे तर त्याला बरेच वाटले. त्याचे घर डोंगराच्या पलीकडच्या उताराला, दारात स्वतःची विहीर. बायको केव्हाच वारलेली, एकुलती मुलगी विशाखा राजधानीत दिलेली. रहाटाचे पाणी त्याच्या घशाखाली कधी उतरणारच नव्हते.

दसऱ्याला कारंजे उडाले. बायकांनी हंडे माळ्यावर टाकले. मंडनाला शालजोडी मिळाली. राज्य सुखात न्हाले म्हणा ना!

आणि मग हात गेले. आधी कुंभाराच्या चाकावर माती उभी राहीना. मग मागावर विणताना कोष्ट्याच्या हातून धोटा गळू लागला. वैद्यांनी तेले चोळायला सांगितली. चोळायला हात कुठे होते? विशाखा बाळंत झाली, मुलगी झाली. मंडन नातीला पाहायला आला, तर बाळ फरशीवर आणि विशाखा तिच्या कुशीला आडवी पडून पाजते आहे.

"अगं, तिला मांडीवर घे."

"उचलता येत नाही बाबा. सासूबाईंनाही येत नाही, ह्यांनाही येत नाही. जन्मल्यापासून ती जमिनीवरच आहे. तुम्ही द्या ना माझ्याजवळ."

विशाखा उठून बसली. मंडनाने नातीला उचलून तिच्या मांडीवर ठेवले. विशाखाचे हात ओल्या धोतरासारखे लोंबत राहिले. बाळ घसरले, ते त्यानेच सावरले. त्या क्षणी त्याला मरण आले असते तर त्याने ते हसत घेतले असते.

तो धावत रहाटापाशी गेला. आसावर टिटवी बसली होती. टिटवी म्हणाली, "बैल नाहीत मंडना. मग हा कोणाच्या हातांनी फिरतो?"

मंडनाने खिळ्याला सांडशी लावली. खिळा हलला नाही. तो राजाकडे गेला. राजाने राजदंड मनगटाला रेशमी गोफाने बांधून घेतला होता. "कारंजे बंद होणार नाही," राजा म्हणाला.

मंडन पुन्हा गुहेत गेला. "मला फसवलेस."

"खिळा काम करतो आहे," कालजंघ म्हणाला. "तू विचारले नाहीस. आता तीन कामे कर, तरच खिळा निघेल. ज्यांची तहान होती त्यांना काय हवे होते, ते विचारून ये. तुझी माळ का तुटली, ते खिळ्याविना शोध. आणि जे पाणी लोकांना पाजलेस, ते तुझ्या घरी पावसाळाभर पी."

मंडनाने पहिले काम केले. पाणवठ्याच्या जुन्या वाटेवर धुरपाबाई बसून असे. तिने जन्मभर हंडे वाहिले होते. तिला विचारताच ती म्हणाली, "आम्हाला कारंजं कशाला रे? वाटेत निम्म्यावर हंडा टेकवायला एक कट्टा हवा होता. तेवढा दम खाल्ला असता, की वरचा चढ चढलो असतो. कोणी इचारलंच न्हाई."

दुसरे काम करताना मंडनाने छोटा रहाट केला, तुटू दिला, पुन्हा केला. माळ दर वेळी निम्म्यावरच तुटे. धुरपाबाईचा कट्टाही निम्म्यावरच! तिथे हौद खोदायचा, नदीपासून हौदापर्यंत एक रहाट, हौदापासून वर दुसरा. दोन आखूड माळा, दोन बैलजोड्या, बस. एवढेच होते. पाणवठ्यावर एक दिवस बसला असता तर त्याला हे कळले असते. मंडन कपाळ बडवून रडला.

तिसरे काम त्याने घरी केले. तो ते पाणी प्यायला. त्याचेही हात सुकत गेले. पावसाळा सरला, तोवर नात फरशीवर रांगायला लागली होती. मंडन आसापाशी आला. उरलेसुरले सारे बळ त्याने खिळ्याला लावले. खिळा निघाला, आणि निघताना त्याचे दोन्ही हात कायमचे घेऊन गेला.

रहाट थांबला. कारंजे बसले. गावाच्या हातांत बळ परतले. चाकावर माती उभी राहिली, माग खडखडू लागले. मंडन बोलत गेला आणि सुतारांनी दोन रहाट उभे केले. पण त्याआधी त्यांनी ते त्याच्या घरी, त्याच्या विहिरीवर पावसाळाभर चालवले. राजाला वाट पाहावी लागली. राज्याची घडी पुन्हा बसली, असे सारे म्हणतात.

हात परतले त्या सकाळी विशाखाने लेकीला उचलले, छातीशी घट्ट धरले. पोर ताठ झाली, किंचाळली, खाली जायला धडपडू लागली. विशाखाने तिला फरशीवर ठेवले. पोरीने गार फरशीला गाल लावला आणि ती शांत झाली.

मंडन दारात उभा होता, हात लोंबत. विशाखा लेकीशेजारी जमिनीवर आडवी झाली.