सात मडकी आणि चिंचोके

फार फार पूर्वीची गोष्ट. तेव्हा राजाला कंटाळा आला की त्याचा ताप प्रजेला होत असे. आता तसं होत नाही म्हणता? बरं, असो.

त्या राज्यात दर चैत्रात रथांची शर्यत व्हायची. सात रथ, एक डोंगर आणि डोंगराभोवती वीस फेरे. जो आधी येईल त्याला राजा स्वतःच्या हातांनी मानाचा फेटा बांधायचा. एका वर्षी मात्र पहिल्या फेऱ्यात जो रथ पुढे होता, तोच विसाव्या फेऱ्यातही पुढे राहिला. राजा बसल्या जागी पेंगला.

जाग आल्यावर म्हणाला, "कोणी कोणाला मागेच टाकत नाही, मग बघायचं काय? यापुढे फेटा त्याला, जो सर्वांत जास्त वेळा दुसऱ्याला मागे टाकील. मोजणी ठेवा."

मोजायला हैबतीला बसवलं. हैबती म्हणजे एकेकाळचा नावाजलेला सारथी. वय झालं होतं, पण नजर घारीची. डोंगरमाथ्यावरून त्याला सगळी वाट आणि वाटेवर ठिकठिकाणी रोवलेले झेंडे दिसायचे. पुढ्यात सात सारथ्यांची सात मडकी, ओटीत चिंचोके. मागचा रथ पुढे गेला आणि पुढच्या झेंड्यापर्यंत पुढेच राहिला, तरच त्याच्या मडक्यात चिंचोका पडायचा. कोणाचं चाक मोडून रथ थांबला, तर त्याला ओलांडण्याचा चिंचोका नाही. त्या सातांत हैबतीचा मुलगा राणूही होता. पण बापाने मुलाला एक चिंचोका जास्त टाकला, असं कोणी म्हणू शकलं नाही.

पहिल्या वर्षी तीस चिंचोके पडले. दुसऱ्या वर्षी नव्वद. तिसऱ्या वर्षी दोनशेच्या वर. राजा खूश, दरबार खूश.

हैबतीला मात्र वरून सगळं दिसत होतं. ज्यांची घोडी सगळ्यांत चपळ, तेच लगाम खेचून मुद्दाम मागे पडायचे, म्हणजे पुन्हा एकेकाला गाठता येईल. दोघे-दोघे तर आधीच ठरवून यायचे, एकदा तू, एकदा मी. आणि झेंडा आला की प्रत्येक जण वाट सोडून वर बघायचा, म्हाताऱ्याचा हात आपल्या मडक्यावर गेला की नाही ते.

त्याने राजाला जाऊन सांगितलं, "महाराज, आकडा वाढला, पण शर्यत राहिली नाही."

"आकडा लहान होता तेव्हा मला झोप यायची," राजा म्हणाला. "आता येत नाही. तुम्ही मोजा."

घरी येऊन त्याने राणूला विचारलं, "तुझी घोडी वाऱ्यासारखी पळतात. मग सरळ का हाकत नाहीस?"

"बाबा, सरळ हाकलं तर एकदा पुढे जाईन आणि पुढेच राहीन. मग मडक्यात काय पडणार? मोजता तुम्ही, आणि विचारता मला?"

तिथेच हैबतीने मडकी फोडायला हवी होती. पण डोंगरमाथ्यावरच्या त्या जागेला मान होता, आणि मान सुटता सुटत नाही. चौथ्या वर्षी तो पुन्हा जाऊन बसला.

शेवटचा फेरा सुरू झाला. राणूचे अडतीस, मानकू नावाच्या सारथ्याचेही अडतीस. राणू मुद्दाम मानकूच्या मागे राहिला होता. उरला होता एकच झेंडा, खिंडीच्या तोंडावरचा. तिथे वाट जेमतेम दोन रथांची, एका अंगाला दरी, आणि झेंड्यापुढे लगेच वळण. पूर्वी तिथे सगळे लगाम आवरून एकामागे एक जायचे.

राणूने आसूड उगारला. दोन्ही रथांची चाकं घासली. "मागे राहा रे पोरा," हैबती पुटपुटला. एवढ्या उंचावरून ते कोणाला ऐकू जाणार?

राणू पुढे निघाला, आणि झेंड्यापर्यंत पुढेच राहिला. हैबतीच्या बोटांत चिंचोका होता. टाकला तर पोरगा वर बघणार, नाही टाकला तर वाट बघत अजून जास्त वेळ वर बघणार. पुढे वळण आहे हे बापाला दिसत होतं. काय करावं हे ठरायच्या आत चार वर्षांची सवय लागलेली बोटं आपोआप उघडली आणि चिंचोका मडक्यात पडला.

राणूने वर पाहिलं. बापाचा हात आपल्या मडक्यावर बघून तो हसला. वळण त्याने पाहिलंच नाही.

घोडी दरीत गेली. राणू वाचला, पण दोन्ही पाय चाकाखाली चिरडले ते कायमचे.

तिसऱ्या दिवशी राजा प्रधानासह फेटा घेऊन त्याच्या अंथरुणापाशी आला. "एकोणचाळीस. सर्वांत जास्त," तो हळूच म्हणाला.

"मोजणीत चूक नाही, महाराज," हैबती म्हणाला. "एकही चिंचोका खोटा नाही. बांधा फेटा." आणि तो भिंतीकडे तोंड करून रडला.

राणूने डोळे उघडले. "महाराज, त्या दिवशी पहिलं कोण आलं?"

राजाने प्रधानाकडे पाहिलं. प्रधानाने हैबतीकडे पाहिलं. ते कोणीच बघितलं नव्हतं.

राजा फेटा तसाच हातात घेऊन परत गेला, आणि त्या राज्यात पुन्हा कोणी चिंचोके मोजले नाहीत.

तात्पर्य: जे मोजाल तेच वाढेल, म्हणून मोजायला बसण्याआधी आपल्याला हवं आहे ते काय, हे नीट ठरवा.