पाहुण्यांचा साबण

"बाबा, कळूनही माणसं तसं वागत का नाहीत?"

निशिकांतने आल्या आल्या विचारले. तो शहरातल्या एका संस्थेचा माणूस. घरोघरच्या सवयी कशा बदलतात, हा त्याचा अभ्यास. वाडीत त्याने हात धुवायला साबण वाटला होता.

भिकनबाबा फकीर दर्ग्याच्या पायरीवर लसूण सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कोण वागत नाही?"

"गुंफाबाई. मागच्या साली तिचा नातू जुलाबाने गेला. आता सुनेचे पुन्हा दिवस भरत आलेत. आणि साबण फळीवर, कागदासकट!"

"का ठेवला, विचारलंस?"

"म्हणे, चांगली वस्तू आहे, पाहुण्यांसाठी ठेवलीय. मी जंतू समजावले. चित्रं दाखवली. तिने सगळं घडाघडा म्हणून दाखवलं."

"मग?"

"मग कागद सोडून साबण माझ्यापुढे धरला. हातावर पाणी घातलं. माझे हात धुऊन झाल्यावर साबण पदराने पुसला... अन् परत कागदात!"

बाबा हसले. "मान मिळाला की तुला."

"हसू नका, बाबा. हेही पोर जाईल."

बाबांचे हात थांबले.

"तू तिला काय म्हणालास?"

"म्हणालो, पाहुण्यांचं सोड, आधी घरच्यांचं बघ."

"गुंफाबाईला? पाहुण्यांचं सोड?"

निशिकांत बाबांशेजारी पायरीवर टेकला.

"सुनेचं पोट दिसायला लागल्यापासून," बाबा म्हणाले, "शेजारच्या बाया गुंफाबाईला काय विचारतात?"

"मला काय ठाऊक?"

"तिथंच बसून असतोस ना?"

निशिकांत आठवू लागला.

"विचारतात... नवा पाहुणा कधी येणार?"

"तूही तेच विचार. विचारलंस की फळीकडे बघ."

"फळीकडे? याचा हात धुण्याशी काय संबंध?"

बाबांनी लसणाची दुसरी कुडी उचलली.

"बाबा, मला काहीच कळलं नाही."

"बरं झालं."

"फळीकडे बघितलं. पुढे काय समजावू तिला?"

"पुढे तोंड बंद ठेव. जमलं, तर त्या वाडीत एकाची तरी सवय बदलेल."