चौथं पाणी

“पण ह्यात पाप कुठाय, तेवढं सांगा ना बुवा.”

सोमगीर बुवा घाटाच्या शेवटच्या पायरीवर बसून झोळीची गाठ सोडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

विचारणारा होता उदय कणसे. बायपासवर दोन वर्षांपूर्वी झालेल्या मोठ्या दुकानाचा मॅनेजर. बूट त्यानं वर काढून ठेवले होते, पण मोजे पायातच होते. पहिल्यांदा मठात येणारी माणसं अशीच येतात, एक पाय गाडीकडे ठेवून.

मी पत्रावळ्या मांडत होतो. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी बुवांकडे झाडलोट आणि पाणी बघतो. सहा वर्षं झाली. ते अजून मला मास्तरच म्हणतात, शिष्य म्हणत नाहीत. मला त्याचं जरा वाईट वाटतं.

“काय करतोस, ते पुन्हा सांग,” बुवा म्हणाले.

“तारीख जवळ आली की माल फळीवरनं उतरवायचा. ब्रेड, टोस्ट, बिस्किटं, काय असंल ते. पुड्यावर कटरनं आरपार फुली मारायची. मागच्या खड्ड्यात टाकायचं आणि वरनं फिनेल ओतायचं. रोज अकरा वाजता. मी स्वतः उभा राहतो.”

“स्वस्तात का देत नाहीस?”

“मग पुऱ्या भावानं घेईल कोण? लोक स्वस्त व्हायची वाट बघत बसतील.”

“फुकट?”

“उद्या कुणाचं पोट बिघडलं की आमच्या नावानं बोंब. वरनं हुकूमच आहे तसा. मी हुकमाचा ताबेदार.”

“बरं. फिनेल कशाला?”

“कुणी खाऊ नये म्हणून.”

“कोण खातं?”

“कुणीच नाही. दहा फुटी भिंत आहे. फाटकाला कुलूप. किल्ली माझ्या खिशात.”

“मग फिनेल कशाला?”

कणसेनं खिशातली किल्ली चाचपली.

पलीकडच्या काठावर कोणीतरी धुणं आपटत होतं, त्याचा आवाज येत राहिला.

“आलास कशासाठी?” बुवांनी विचारलं.

“मंडळींनी पाठवलं. माझा असल्यावर विश्वास नाही, आधीच सांगतो.” मग त्याचा आवाज खाली आला. “पंधरा दिवस झाले, बुवा, घास उतरत नाही. भात पुढ्यात आला की फिनेलचा वास येतो. चहाला येतो. पोरगीनं काल पापा घेतला, तिच्या तोंडाला आला. डॉक्टर म्हणतो काही नाही. मंडळी म्हणतात दृष्ट लागली.”

तो हसायला गेला. हसू काही जमलं नाही. गालफडं बसली होती आणि पट्ट्याला नवं भोक पाडलेलं दिसत होतं.

“तुम्ही एकदा म्हणा, ह्यात पाप नाही. म्हणजे मी जेवीन.”

“जेवायला बस,” बुवा म्हणाले.

आमच्याकडे जेवण म्हणजे माधुकरी. बुवा एकटेच फिरतात. पाच घरं, सहावं नाही. मिळेल ते घ्यायचं, नको म्हणायचं नाही, आणि कोणत्या घरून काय आलं ते कोणाला सांगायचं नाही. आणलेली झोळी बुवा तशीच नदीत बुडवून काढतात. चव निघून जावी म्हणून. जीभ लाडावली की माणूस घरं निवडायला लागतो, असं त्यांचं म्हणणं. मला त्या पाणचट भाकरीची अजून सवय झालेली नाही, ते सोडा.

बुवांनी झोळी बुडवली, वर काढली, निथळू दिली. मग वाढायला घेतलं.

कणसेच्या पानावर भाकरी आणि वांगं. माझ्या पानावर भाकरी आणि भात. स्वतःच्या पानावर ब्रेडचे चार तुकडे.

गेले आठ दिवस असंच चाललं होतं. ब्रेड निघाला की तो बुवांच्या पानावर. मी मनातल्या मनात फुगलो होतो. म्हटलं, म्हातारपणी ह्यांना पावाची चटक लागली वाटतं. चार दिवसांपासून त्यांचं तोंडही आलं होतं. पाणी पितानासुद्धा चेहरा आखडायचा. उष्णता असेल, असं मी धरून चाललो होतो.

हात जोडून झाले. कणसेनं घास उचलला, नाकाशी नेला, खाली ठेवला.

“येतोय वास,” तो पुटपुटला. “इथं पण येतोय...”

“येऊ दे,” बुवा म्हणाले आणि त्यांनी आपल्या पानावरचा तुकडा उचलला.

तो ब्रेड उन्हात वाळून कडक झालेला होता, म्हणून पाण्यातही विरघळला नव्हता. त्याच्या मधोमध दोन चिरा होत्या. एकीवर एक. फुली.

कणसे त्या फुलीकडे बघत राहिला. मग एकदम पुढे झुकला आणि त्यानं बुवांचं मनगट धरलं.

सहा वर्षांत बुवांच्या अंगाला असा हात लावलेला मी कोणाला पाहिलं नव्हतं.

“थांबा! खाऊ नका!”

“का रे?”

“कुणी दिलं हे तुम्हाला?”

“देणाराचं नाव सांगत नसतात.”

“बुवा, आमचं आहे हे. ही आमची फुली आहे... फिनेल आहे त्यात!”

“मघाशी म्हणालास, कोणीच खात नाही.”

कणसेनं मनगट सोडलं नाही. आठ दिवस. आठ दिवस हा माणूस माझ्यासमोर ते गिळत होता, आणि मी पावाच्या चटकेवरून फुगून बसलो होतो.

“किती खाल्लंत?” मी विचारलं.

“आलं तेवढं,” बुवा म्हणाले.

“टाकून द्या ते, बुवा,” कणसे म्हणाला. “आत्ताच्या आत्ता टाका.”

बुवांनी चारही तुकडे आपल्या कटोऱ्यात ठेवले आणि कटोरा कणसेच्या ओंजळीत दिला.

“तूच टाक. पण कोणाच्या तोंडी लागणार नाही, अशा जागी टाक. मास्तर, तुम्ही बरोबर जा. तुम्ही येईस्तोवर मी पानावर बसून आहे.”

कणसे तसाच पाण्याकडे वळला. गुडघाभर पाण्यात उतरला आणि थांबला. पायांभोवती मासे जमले होते. आमच्या घाटावर लोक पोहे टाकतात, त्यामुळे माणसाची सावली पडली की ते येतात. खाली, वळणापाशी, गावाच्या पाण्याची विहीर दिसत होती.

तो माघारी फिरला.

वर बाभळीखाली खड्डा करावा म्हणून त्यानं काठीनं माती उकरली. दोन कुत्री येऊन बसली आणि शेपट्या हलवायला लागली. तो काठी घेऊन अंगावर गेला, तर ती चार पावलं मागं सरली, तेवढंच.

“जाळतो,” तो म्हणाला. ग्रामपंचायतीच्या उकिरड्यावर कचरा धुमसत होता. पण ब्रेड नदीतून निघालेला, ओला. धूर झाला, जाळ काही धरेना. आणि त्या धुरातूनच एक रेडकू कटोऱ्यापर्यंत आलं.

कणसेच्या कपाळावरून घाम ओघळत होता. “एक जागा आहे,” तो म्हणाला. “आमचा खड्डा. तिथं चिटपाखरू येत नाही. चला.”

गाडीत कटोरा माझ्या मांडीवर होता. मी तो दोन्ही हातांनी धरला होता, पण अंगापासून लांब. मला भीती वाटत होती, हे कबूल करतो. त्या चार तुकड्यांची नव्हे. आम्ही जिथे चाललो होतो, तिथली.

दुकानाला वळसा घालून आम्ही मागे आलो. कणसेनं कुलूप उघडलं. आत खड्डा, त्यात सकाळचा माल. फुल्या मारलेले पुडे, आणि त्यांवर दुधासारखं पांढरं पाणी. वासानं डोळ्यांत पाणी आलं.

“बघा,” तो म्हणाला. “आहे कुणी?”

कोणी नव्हतं. भिंत खरंच दहा फुटी होती.

त्यानं कटोरा घेतला, खड्ड्याच्या कडेशी गेला, हात लांब केला... आणि तो हात तसाच राहिला.

तो खड्ड्याकडे बघत नव्हता. कोपऱ्यात, भिंतीच्या तळाशी, पावसाचं पाणी जायला एक भोक ठेवलेलं होतं. परातीएवढं. त्याच्या वरच्या कडेचं सिमेंट झिजून तुळतुळीत झालं होतं. उंबरा झिजतो तसं, येण्याजाण्यानं.

“रोज इथं उभा राहता ना?” मी विचारलं.

“रोज.”

“मग?”

“मी खड्ड्याकडं बघत असतो.”

आम्ही फाटकातून बाहेर आलो आणि भिंतीच्या कडेकडेनं मागे गेलो. तिथे पाण्याच्या मोठ्या पाइपाची गळती होती. गळतीखाली एक सपाट दगड. दगडाशेजारी ओळीनं तीन पातेली.

पहिल्यातलं पाणी पांढरं होतं. दुसऱ्यातलं गढूळ. तिसऱ्यातलं जवळजवळ स्वच्छ.

जरा पलीकडे, उन्हातल्या दुसऱ्या दगडावर साडीचा तुकडा अंथरून ब्रेड वाळत घातला होता. एकेक तुकडा सुटा, पापड घालतात तसा नीट. वर दुसरा तुकडा झाकलेला आणि त्याच्या चार कोपऱ्यांवर चार खडे. माश्या बसू नयेत म्हणून.

कणसे पातेल्यांपाशी खाली वाकला.

दहा पावलांवर पोत्यांचं पाल होतं. दाराला पोत्याचाच पडदा. पडद्याखालून चुलीचा धूर येत होता.

“इथं कोण राहतं?” मी विचारलं.

“कुणीच नाही,” कणसे म्हणाला. दोन वर्षांच्या सवयीनं म्हणाला. आणि स्वतःचंच वाक्य ऐकून त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेकडे मला बघवेना.

पालात कोणीतरी खोकलं. कोरडा, बारीक खोकला. थांबला... पुन्हा आला. मग भांड्याचा आवाज झाला आणि एका बाईचा आवाज काहीतरी समजावत राहिला. शब्द कळले नाहीत.

कणसे एक पाऊल पुढे गेला. मग दोन पावलं मागे. कटोरा छातीशी धरून तो जवळजवळ पळतच गाडीकडे निघाला. मीही त्याच्या मागे पळालो. ह्या वयात. ते मला नंतर पुष्कळ दिवस लागून राहिलं.

घाटावर आलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. बुवा पानावर तसेच बसून होते. तिन्ही पत्रावळ्यांवरचं अन्न सुकलं होतं. कावळे दूर ठेवायला त्यांनी उपरणं हातात घेतलं होतं.

कणसे ओल्या मोज्यांसकट पायऱ्या उतरून आला आणि त्यांच्यासमोर खाली बसला. कटोरा त्यानं दोघांच्या मध्ये ठेवला. चारही तुकडे आत होते.

“सापडली जागा?”

त्यानं मान हलवली. नाही.



“तिथं पाल आहे, बुवा,” तो शेवटी म्हणाला. “मला हाक मारायची होती. मारली नाही.”

“का?”

“भ्यालो.”

“कशाला?”

“आतनं कुणीतरी ओ देईल, ह्याला.”

बुवांनी कटोऱ्यातला एक तुकडा उचलून उन्हात धरला. फुलीच्या चिरेतून पलीकडची नदी दिसत होती. चेहरा न हलवता त्यांनी तोंडातल्या तोंडात जीभ फिरवली. दुखत असावं.

“तुम्हाला ठाऊक होतं,” कणसे म्हणाला. त्याचा आवाज फाटला. “वास कळला असंल तुम्हाला पहिल्याच दिवशी. फेकून का नाही दिलंत? का गिळत राहिलात? आणि ती... तीच देते ना तुम्हाला? आत कोण खोकतंय? किती जण आहेत? नाव तरी सांगा तिचं. मी जातो, आत्ता जातो, दवाखान्यात घेऊन जातो सगळ्यांना. निदान नाव सांगा, बुवा. काय म्हणून हाक मारू?”

बुवांनी तो तुकडा परत कटोऱ्यात ठेवला. दोन्ही हातांनी, हळू.

“देणाराचं नाव सांगत नसतात, कणसे. ती आपल्या घरचं तीन पाण्यांनी धुते. माझ्या झोळीत घालायचं, म्हणून चौथं पाणी घेतलं तिनं.”