फाटकावरची पाटी

एकदा एका वृद्ध आचार्यांनी आपल्याच वसतिगृहाच्या फाटकावरची पाटी भर दुपारी उतरवली. पाहणाऱ्यांना हे कृत्य अनाकलनीय वाटले. कारण त्याच सकाळी पहिल्या वर्षाला शिकणारा प्रणीत नावाचा मुलगा तेथील न्हाणीघरात बेशुद्ध सापडला होता आणि त्याच्या खिशात एमडी या अमली पदार्थाची पुडी निघाली होती.

पाटीवर लिहिले होते, ‘अमली पदार्थांचे सेवन करणाऱ्यास वसतिगृहातून तत्काळ काढून पोलिसांच्या ताब्यात दिले जाईल.’ ती आचार्यांच्या एका शिष्याने लावून घेतली होती. हा शिष्य आता स्वतः विधी महाविद्यालयात शिकवत असे आणि वसतिगृहाची देखरेखही करीत असे. प्रणीतला रुग्णालयात पोहोचवून तो तडक आचार्यांकडे आला. मुलाचे नाव आजच्या आज कमी केले नाही तर संस्थेची अब्रू जाईल, असे त्याने सांगितले. आचार्यांनी सारे ऐकून घेतले, स्टूल मागवले आणि स्वतः वर चढून पाटीचे स्क्रू काढायला सुरुवात केली.

शिष्य संतापला. आजच पाटी काढली तर आपण पोरांना मोकळे रान दिले असे लोक म्हणतील, हे त्याने परोपरीने सांगून पाहिले. पाटी उतरवून झाल्यावर त्याला बरोबर घेऊन आचार्य आधी पोलीस ठाण्यात गेले. पुड्या कोण विकतो हे प्रणीतच्या मित्रांनी सकाळी रडत रडत सांगितले होते. ते नाव आणि ती जागा आचार्यांनी निरीक्षकांना सांगितली व जबाबाखाली सही केली. शिष्य अधिकच गोंधळला. इतके कठोर होऊ शकणाऱ्या गुरूंनी पाटी का उतरवावी?

तेथून रुग्णालयात येऊन बाकावर बसल्यावर आचार्यांनी विचारले, “व्यसनात सापडलेला माणूस आपणहून उपचारांना गेला, तर कायदा काय म्हणतो?”

हे कलम शिष्य दरवर्षी वर्गात शिकवत असे. गुन्हा केवळ सेवनाचा असेल किंवा जवळचा साठा अल्प असेल, आणि त्या माणसाने स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार पूर्ण केले, तर त्याच्यावर खटला चालत नाही, असे त्याने सांगितले. सांगता सांगता त्याचा आवाज खाली गेला.

“आपल्या वसतिगृहात हे कोणाला माहीत आहे?”

“कोणालाच नाही,” शिष्य म्हणाला. मग मान खाली घालून त्याने सांगितले, की गेल्या महिन्यात प्रणीत त्याच्या खोलीवर आला होता. एका मित्राला वाईट सवय लागली आहे, त्याने कबूल केले तर काय होईल, असे विचारत होता. मित्र कोण, हे शिष्याला त्याच्या चेहऱ्यावरूनच कळले होते. पण अशा भानगडीत आपले नाव यायला नको, म्हणून त्याने ‘फाटकावरची पाटी वाच’ एवढेच म्हणून दार लोटले होते.

आचार्य म्हणाले, “कायदा करणाऱ्यांनी विकणाऱ्यासाठी तुरुंग ठेवला आणि अडकलेल्यासाठी परतीची वाट ठेवली. आपण ती वाटच बुजवली. विकणारा कधी आपल्या फाटकाशी थांबून पाटी वाचत नाही. ती वाचली मदत मागायला निघालेल्या पोराने, आणि तो आतून कडी लावून बसला. तू ती पाटी लावलीस तेव्हा मी तुझी पाठ थोपटली होती. म्हणून ती काढायला मीच चढलो.”

शिष्य उठून आत गेला. प्रणीत शुद्धीवर आला होता. त्याला पाहताच मुलाने तोंड भिंतीकडे वळवले.

“सर, आईला कळवलंत?”

कळवले आहे, ती गाडीत बसली आहे, असे शिष्याने सांगितले.

“मला काढलं ना?”

“नाही. इथून सोडलं की उपचार केंद्रात जायचं. मी येईन बरोबर.” तो खाटेशेजारच्या स्टुलावर बसला. “तू विचारायला आला होतास, तेव्हाच हे सांगायला हवं होतं.”

मुलगा वळला नाही. शिष्यही उठला नाही. तोंड लपवण्याची गरज त्या खोलीत खरे तर कोणाला होती, हे त्याला आता ठाऊक होते.