झिजलेली गिटार

सांगलीतल्या गिटारवाल्यांची दर रविवारी बैठक भरते. तिथे गिटारी पुसल्या जातात, अॅम्प्लिफायरची बटणं फिरवली जातात, गिटारीचा आवाज बदलणारी एकमेकांची पेडलं वाखाणली जातात. वाजवायला तेवढा वेळ उरत नाही.

यंदा वार्षिक कार्यक्रमात सोलो कुणी वाजवायचा यावरून वाद पेटला. अध्यक्ष उपेंद्र जाखडे म्हणाले, "सोपं आहे. ज्याची गिटार सगळ्यांत झिजलेली, त्याचा रियाज सगळ्यांत जास्त. सोलो त्याचा!" आणि त्यांनी ऐटीत आपली पेटी उघडली.

आतल्या इलेक्ट्रिक गिटारीचा रंग उडालेला, कडा घासलेल्या. परदेशी कारखान्याने मुद्दाम घासून जुनाट केलेली ती कोरी गिटार गेल्याच महिन्यात आली होती. हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण अध्यक्षांना बोलणार कोण?

मृदुला तोरसकरची गिटार मात्र वर्षानुवर्षं रोज वाजूनही लखलखत होती. ती म्हणाली, "नियम मान्य. पण तारा गिटारीच्या आधी बोटांवर खुणा करतात. सगळ्यांनी डावे हात पुढे करा बघू."

तिच्या बोटांच्या टोकांना घट्टे पडले होते. जाखडेंची बोटं सायीसारखी मऊ.

"अगं, पण गिटार झिजलीय ना माझी!" जाखडे कावले.

"झिजलीय की," मृदुला म्हणाली. "म्हणून तर तुमच्याच नियमाने सोलो त्या कारखान्यातल्या पॉलिश पेपर मारणाऱ्या माणसाला द्यायला हवा. मेहनत सगळी त्याची आहे."