कठड्याविना अंबारी

एका लहानशा संस्थानात नदीच्या घाटाला कठडा नव्हता. शेवाळलेल्या पायऱ्यांवरून बाया घागरीसकट घसरायच्या आणि थेट चिमाआक्काच्या ओसरीवर यायच्या. हाडं बसवण्यात आक्काचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. पण परवा माहुताची दिवस गेलेली बायको पडली, मनगटावरच निभावलं, आणि आक्काचं डोकं फिरलं. ती तडक दरबारात गेली.

"सरकार, घाटाला कठडा बांधा."

महाराज मिशीतल्या मिशीत हसले. "तुला हाडवैदीण नेमलीय ती कशाला? जो पडेल त्याचं हाड तू बसव. कठडा कशाला हवा?"

सगळा दरबार खो खो हसला. आक्का "बरं" म्हणाली आणि जाता जाता हत्तीखान्यात माहुताशी चार शब्द बोलून गेली.

दसऱ्याला महाराज सीमोल्लंघनाला निघाले. शिडी चढून अंबारीत बसले, सवयीने कठडा धरायला गेले, तर हाती नुसता वारा! बसल्या बसल्या हत्तीने कान हलवले, तशी महाराजांनी लोडाला मिठीच मारली.

"अंबारीचा कठडा कुणी काढला?"

खाली आक्का उभी होती. एका हातात तेलाची वाटी, दुसऱ्या हातात मोडलेल्या हाडाला बांधायच्या बांबूच्या कामट्या.

"मीच काढायला लावला, सरकार. तुम्ही खुशाल निघा. कठडा कशाला हवा? मी आहे की मागून!"

हसावं की नाही, दरबाराला कळेना. महाराज कामट्यांकडे बघत राहिले.

"माझा आत्ता बसवा," ते अखेर म्हणाले, "आणि घाटाचा दिवाळीच्या आत!"

त्या हिवाळ्यात आक्काच्या कामट्यांवर घेवड्याचा वेल चढला.